काचेची पट्टी आणि बावीस मजले

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत सध्या आठ घरांच्या भिंतींवर काचेच्या छोट्या पट्ट्या दिसतील. बोटभर लांबीची पातळ काच, दोन्ही टोकांना पीओपीचा गोळा आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलेली तारीख. भिंतीत आधीच असलेल्या तड्यावर ती आडवी बसवतात. काचेला ताण अजिबात सोसत नाही, त्यामुळे तडा केसभर रुंदावला तरी ती तडकते. जुन्या इमारती सांभाळणारे इंजिनीअर हा उपाय कितीतरी वर्षं वापरत आले आहेत आणि त्याला खर्च जवळपास नाहीच.

गल्लीच्या तोंडाशी असलेला वाडा पाडला आणि त्या जागी २२ मजली आलिशान टॉवरचा फलक लागला, तेव्हा या पट्ट्या लावायची वेळ आली. टॉवरखाली दोन मजली बेसमेंट, वर क्लबहाऊस आणि पोहण्याचा तलाव. आजूबाजूची घरं एक मजल्याची, फार तर दोन. आम्ही हरकत नोंदवली तेव्हा समोरून पहिला प्रश्न आला: प्लॉट त्यांचा, खड्डा त्यांच्या हद्दीत, मग तुमचं काय बिघडतं? प्रश्न सरळ आहे आणि उत्तरही सरळ देता येतं. त्यासाठी फक्त पायाखाली बघावं लागतं.

नागपूरची जमीन एकसारखी नाही. सीताबर्डीची टेकडी बसाल्टची, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याची. शहराच्या पूर्वेकडे गेलं की लाव्हा संपतो आणि त्याहून कितीतरी पटींनी जुना, नाइस नावाचा पट्टेदार खडक लागतो. नागपूर परिसरातले हे थर एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांनी बारकाईने अभ्यासले. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, तेच हे. खडकावर मुरूम आणि मुरमावर बऱ्याच ठिकाणी काळी माती, असा खालून वर साधारण क्रम.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचा एकेक कण म्हणजे एकावर एक रचलेली अतिसूक्ष्म पानं. पाणी या पानांच्या मध्ये शिरलं की पानं दूर सरतात आणि माती फुगते, वाळली की आक्रसते. वैशाखात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. आमच्या ओसरीतला एक तडा दरवर्षी मे महिन्यात उघडतो आणि पोळ्यापर्यंत मिटत येतो. आजी म्हणायची, भिंत श्वास घेते.

गोंड राजा बख्त बुलंद शाहने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलेलं आणि पुढे रघुजी भोसल्यांनी राजधानी केलेलं हे गाव अशा मातीवर टिकलं, यात बांधकामाचाही वाटा आहे. सागवानी खांब, खाली दगडी तळखडे, विटा आणि चुना. चुन्याचा सांधा सिमेंटपेक्षा मऊ असतो, थोडी हालचाल तो पोटात घालतो. पण पाया उथळ असतो, आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं.

अख्खं घर एकसारखं दोन सेंटीमीटर खाली गेलं तर फारसं बिघडत नाही. एक कोपरा खचला आणि दुसरा जागीच राहिला तर मात्र भिंत पिळवटते. इंजिनीअर हे गुणोत्तरात मोजतात. दोन टोकांमधल्या अंतराच्या तीनशेव्या भागाइतका फरक पडला की भिंतींना तडे दिसायला लागतात. दीडशेव्या भागाइतका पडला की सांगाड्यालाच धोका. ६ मीटरच्या भिंतीसाठी पहिला आकडा होतो २ सेंटीमीटर. बोटाच्या एका पेराएवढा.

आता खड्ड्याकडे या. दोन मजली बेसमेंट म्हणजे ७-८ मीटर खोदाई. इतकी वर्षं शेजारच्या मातीला बाजूने जो टेका होता तो काढून घेतला जातो. कडेने आधाराची भिंत घातली तरी ती किंचित आत झुकते आणि तिच्या मागची जमीन बसते. हा परिणाम खड्ड्याच्या खोलीच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत जाणवू शकतो, म्हणजे १५ मीटरच्या आसपास. आमची गल्ली ४ मीटर रुंद आहे.

त्याहून मला काळजी वाटते ती पंपांची. खड्डा कोरडा ठेवायला झिरपणारं पाणी रात्रंदिवस उपसावं लागतं. ओल्या मातीत वरचा भार दोघं मिळून उचलतात, मातीचे कण आणि कणांमधलं पाणी. मृदा यांत्रिकीचा पाया घालणाऱ्या कार्ल तेरझागी यांनी १९२०च्या दशकात ही गोष्ट गणितात बसवली. पाणी काढून घेतलं की त्याच्या वाटणीचा भारही कणांवर येतो. पातळी १ मीटर उतरली की खालच्या मातीवर दर चौरस मीटरला साधारण १ टन भार वाढतो, वर एक वीटही न ठेवता. चिकणमाती त्याखाली हळूहळू दबते, महिनोन् महिने दबत राहते. मेक्सिको सिटीचा जुना भाग भूजल उपशामुळे विसाव्या शतकात कित्येक मीटर खचला. तिथली जुनी चर्चं आजही तिरकी उभी आहेत. तिथली माती तळ्याच्या गाळाची, आपल्यापेक्षा फार मऊ, त्यामुळे तेवढं इथे होणार नाही. पण नियम तोच आहे, आणि पाण्याला सातबारा कळत नाही. आमच्या प्लॉटखालचं पाणी त्यांच्या पंपाकडे निघालं तर ते अडवणारी हद्द जमिनीखाली कुठेच आखलेली नसते.

म्हणून समोरच्या काकूंनी विहिरीचं माप घ्यायला सुरुवात केली. दोरीला हात-हात अंतरावर गाठी, टोकाला पितळी गडू. रोज सकाळी सहाला, पाणी भरायच्या आधी, गडू पाण्याला टेकेपर्यंत दोरी सोडायची, गाठी मोजायच्या आणि उरलेलं अंतर टेपने घेऊन वहीत लिहायचं. पहिल्या आठवड्यात पलीकडच्या भाऊंनी विचारलं, ‘‘काकू, रोज रोज काय मोजता जी?’’ काकू म्हणाल्या, ‘‘आज मोजलं नाही तर उद्या कोण मानणार?’’ या एका वाक्यात अख्खं निरीक्षणशास्त्र आहे असं मला मनापासून वाटतं.

बेसमेंट बांधून झाल्यावर पंप थांबतात, पण प्रश्न संपत नाही. प्लॉटच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काँक्रीटची पेटी बसली की मुरमातून वाहणारं उथळ पाणी अडतं. वरच्या अंगाला ओल चढते, खालच्या अंगाच्या विहिरी उतरतात.

खडक फोडणाऱ्या ब्रेकरचे हादरेही असतात. जर्मनीच्या डीआयएन ४१५० या मानकात इमारतीच्या पायापाशी कंपाचा वेग किती चालेल याच्या मर्यादा दिल्या आहेत. कमी वारंवारतेच्या कंपांना कारखान्याच्या इमारतीसाठी सेकंदाला २० मिलिमीटर, राहत्या घरासाठी ५ आणि वारसा म्हणून जपायच्या नाजूक वास्तूसाठी ३. आपल्याकडे खाण सुरक्षा महासंचालनालयाने सुरुंगांसाठी घातलेली मर्यादा आणखी कडक आहे. ऐतिहासिक वास्तूजवळ ८ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८ कंपनांच्या, खालच्या कंपांना फक्त २. हे मोजणारं यंत्र मिळतं, भाड्यानेही मिळतं. ते गल्लीत ठेवा, एवढंच आमचं म्हणणं.

उन्हाची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते, कारण ती घरबसल्या कागदावर मांडता येते. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश चढतो, आणि ४५ अंशांवर सावलीची लांबी उंचीएवढीच असते. २२ मजले म्हणजे सुमारे ६६ मीटर. तेवढीच सावली उत्तरेकडच्या घरांवर. सकाळी नऊला ती वायव्येकडे दुपटीच्या आसपास लांबते. थंडीत ज्या चौकात म्हातारी माणसं पाठ शेकत बसतात, बाळाला तेल लावून उन्हात धरतात, तो चौक ऐन गरजेच्या वेळी झाकला जातो.

मग उन्हाळ्यात तरी सावली मिळेल? नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो २५ मेच्या सुमारास, आणि त्याच दिवसांत, २६ मेच्या आसपास, नागपुरात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. टॉवरची सावली तेव्हा त्याच्याच पायाशी गोळा झालेली असते. सकाळ-संध्याकाळ थोडा आडोसा मिळेल, हे मान्य. पण दिवसभर तापलेल्या भिंती आणि जमीन रात्री उघड्या आकाशाकडे उष्णता फेकून गार होतात. समोर ६६ मीटरची भिंत आली की आकाशाचा तेवढा तुकडा झाकला जातो आणि ती भिंत स्वतःची उष्णता परत देत राहते. शिवाय एसी. घरातून ३ भाग उष्णता बाहेर काढायची तर यंत्राला साधारण १ भाग वीज लागते, आणि गल्लीत येतात ४ भाग. गच्चीवर पाणी शिंपडून झोपणाऱ्यांना हा हिशेब अंगावर कळतो.

पावसाचं थोडक्यात सांगतो. ३००० चौरस मीटरच्या प्लॉटवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ३ लाख लिटर पाणी होतं, १० हजार लिटरचे ३० टँकर. वाड्याचं मातीचं अंगण आणि परसदार त्यातलं बरंच पिऊन घ्यायचं. काँक्रीट पीत नाही. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते शहर विसरलेलं नाही. सांडपाण्याचंही तसंच. मजल्याला ४ सदनिका धरल्या तर ८८, घरटी ४ माणसं, माणशी १३५ लिटर, त्यातलं ८० टक्के गटारात. रोज ३८ हजार लिटर, आणि वाहिनी जुनीच.

वाडा विकला म्हणून मालकांवर आमचा राग नाही. वारस पाच, छत गळकं, डागडुजीला सागवान परवडत नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर वेगळं काय केलं असतं? वारसा यादीत नाव असतं तर न वापरलेले बांधकाम हक्क टीडीआर म्हणून दुसरीकडे देता आले असते. तिथे घरं बांधा, चार-पाच मजले बांधा, बेसमेंट एकच ठेवा, हद्दीपासून जागा सोडा, वाड्याची विहीर बुजवू नका, असं आम्ही लिहून दिलं आहे. आणि खोदाईच्या आधी शेजारच्या प्रत्येक घराची फोटोंसकट पाहणी करून तिची एक प्रत घरमालकाला द्या, ही मागणी सगळ्यात वर ठेवली आहे. नाहीतर उद्या तडा पडला की उत्तर ठरलेलं: तो जुनाच आहे.

आमच्या आठ पट्ट्यांपैकी दोन मे महिन्यात तडकल्या. खोदाई अजून सुरूही झालेली नाही. त्या काळ्या मातीने फोडल्या, उन्हाळ्याच्या आक्रसण्याने. हरकतीसोबत आम्ही त्यांचेही फोटो जोडले, तारखेसह, कोणी मागितले नव्हते तरी. फुटलेल्या पट्ट्या काढल्या नाहीत. शेजारी नव्या लावल्या आहेत, पेन्सिलीने लिहिलंय: २० जून. त्या दिवशी काकूंच्या वहीत पाणी अकरा गाठी आणि चार बोटं खाली होतं.