यूएसबी मिक्सर घेण्याआधी हे वाचा

भजन, घुमट आरती, नाट्यगीतं घरी किंवा देवळाच्या सभामंडपात रेकॉर्ड करणारी मंडळी मिक्सिंगसाठी आमच्याकडे येतात तेव्हा एक मागणी ठरलेली असते: "पेटी फार वर आलीय, तेवढी खाली करून द्या." फाइल उघडून बघावं तर माइक सहा लावलेले, पण हाती आलेली स्टिरिओ फाइल एकच, सगळे आवाज मिसळलेली. तिच्यातली पेटी एकटी खाली येत नाही. पेटी दाबली की त्याच सुरातला बुवांचा आवाजही दबतो. गाणं वेगळं करून देणारी अ‍ॅप्स आहेत, पण ती मुख्यतः गायन, ड्रम आणि बास ओळखायला शिकलेली. पेटी-पखवाजापुढे ती गडबडतात.

ही चूक दुकानातच होते. माइकांचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरला यूएसबी दिसलं की प्रत्येक माइक कॉम्प्युटरवर वेगळा उतरणार असं वाटतं. स्वस्तातल्या बहुतेक मिक्सरमधून मात्र यूएसबीवर दोनच चॅनेल जातात, डावा आणि उजवा. कार्यक्रमात स्पीकरसाठी तो मिक्सर उत्तम आहे, आम्हीही विकतो. पण मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक, हवा असेल तर "माइक किती लागतात?" एवढ्यावर थांबू नका, "कॉम्प्युटरवर वेगळे चॅनेल किती जातात?" हेही विचारा. बेहरिंगरच्या एक्सआर१८ या डिजिटल मिक्सरमधून यूएसबीवर १८ चॅनेल वेगवेगळे जातात. ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) घेतानाही खोक्यावरचा आकडा नीट वाचा. फोकसराइट स्कार्लेट १८आय२० ला १८ इनपुट खरे, पण थेट माइक लावायच्या जागा आठच, बाकीचे डिजिटल.

म्हणूनच किंमत सांगण्याआधी आम्ही विचारतो, एका वेळी किती जण वाजवणार? काहींना ही चौकशी नकोशी वाटते, पण त्या उत्तराशिवाय यंत्र सुचवणं आम्हाला पटत नाही. एकटे गाता, गिटार किंवा पेटी स्वतःच वाजवता, तर दोन इनपुटचा इंटरफेस भरपूर झाला. क्लिक (हेडफोनमध्ये वाजणारा लयीचा ठोका) लावून एकेक वाद्य नंतर चढवता येतं. भजनात ते जमत नाही. पखवाजवाला बुवांच्या तोंडाकडे बघून लय चढवतो, त्याला हेडफोन देऊन वेगळ्या खोलीत बसवलं की रंगच जातो. मंडळासाठी आठ माइक इनपुटांच्या खाली जाऊ नका.

आठ ट्रॅक मिळाले तरी झांज सगळ्या माइकांत शिरतेच. सवयीने झांजवाले बुवांच्या पाठीमागे बसतात, म्हणजे नेमके बुवांच्या माइकच्या तोंडासमोर. गाण्यासाठी वापरतात तो कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक आपल्या पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो. त्यामुळे रेकॉर्डिंगपुरतं झांजवाल्यांना बुवांच्या समोर, थोडं लांब बसवा. या एका बदलाने पडणारा फरक महागड्या माइकनेही पडत नाही.

सॉफ्टवेअरवर सुरुवातीला पैसे घालू नका. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर घरगुती वापराचा परवानाही परवडतो. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे. ऑडेसिटी कापाकापीला छान, पण विंडोजवरच्या तिच्या नेहमीच्या आवृत्तीत एएसआयओची (अनेक चॅनेल एकदम घेणाऱ्या ड्रायव्हर-पद्धतीची) सोय नाही, त्यामुळे एकदम आठ चॅनेल घ्यायला ती आम्ही सुचवत नाही.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर करा आणि सर्वांत मोठा आवाज सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. तासाभराच्या आठ ट्रॅकना साधारण ४ जीबी जागा लागते. फाइली देताना डब्ल्यूएव्हीच द्या, एमपीथ्री नको, आणि सगळे ट्रॅक एकाच क्षणापासून सुरू होऊ देत.

स्टिरिओ फाइल आली तर मिक्सिंगचे पैसे आम्ही घेत नाही. जे करता येणार नाही ते आधीच सांगून फाइल परत देतो. वेगळे ट्रॅक आणलेत तर मंडळातल्या एकाने मिक्सिंगला शेजारी बसावं, ही आमची विनंती आहे. पेटी किती हवी हे तुमच्या कानाने ठरलेलं बरं.

खरेदीला येताना लॅपटॉप घेऊन या. ड्रायव्हर (यंत्रासाठी लागणारं सॉफ्टवेअर) इथेच घालून देतो, प्रत्येक इनपुटला माइक लावून बोलायला सांगतो आणि पडद्यावर आठही ट्रॅक वेगवेगळे हलताना तुम्ही पाहिलेत की मगच बिल करतो.