सीए इंटरमिजिएट : नोंदणी, परीक्षा अर्ज आणि त्यावर बेतलेला अभ्यास

इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाच्या, १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत नोंदणीनंतर आठ महिन्यांचा अभ्यासकाळ पूर्ण झाल्याशिवाय इंटरमिजिएटच्या, म्हणजे सीए अभ्यासक्रमाच्या मधल्या टप्प्याच्या, परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये होते; त्यामुळे सप्टेंबरच्या परीक्षेसाठी १ जानेवारीपर्यंत, पुढच्या जानेवारीसाठी १ मेपर्यंत आणि पुढच्या मेसाठी १ सप्टेंबरपर्यंत नोंदणी झालेली असावी लागते. ही तारीख एका दिवसाने चुकली तरी परीक्षा चार महिने पुढे जाते.

फाउंडेशन (सीएची पहिली परीक्षा) आणि बारावी उत्तीर्ण झालेल्यांना नोंदणी करता येते. पदवीच्या आधारे थेट प्रवेशही मिळतो. त्यासाठी वाणिज्य शाखेत किमान ५५ टक्के, तर इतर शाखांत ६० टक्के गुण लागतात. पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी तात्पुरती नोंदणी करू शकतात.

नोंदणी ऑनलाइन होते. छायाचित्र, स्वाक्षरी, जन्मतारखेसाठी दहावीची गुणपत्रिका, पात्रतेची गुणपत्रिका आणि लागू असल्यास प्रवर्गाचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला, एवढी कागदपत्रे आधीच स्कॅन करून ठेवावीत. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते आणि इतर कागदांवर शेवटी, म्हणून नाव भरताना घाई करू नये.

नोंदणी झाली म्हणजे परीक्षेचा अर्ज झाला, असे अनेक जण समजतात, तसे नाही. प्रत्येक वेळी परीक्षा अर्ज स्वतंत्रपणे भरावा लागतो. त्यात ग्रुप (पेपरांचा संच), केंद्र आणि माध्यम निवडायचे असते. उत्तरे इंग्रजी किंवा हिंदीतच लिहिता येतात, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्यांनी लिहिण्याचा सराव पहिल्या महिन्यापासून निवडलेल्या माध्यमाच्या भाषेत करावा, हे मला आग्रहाने सांगायचे आहे.

एक ग्रुप द्यायचा की दोन्ही, हा निर्णय उत्तीर्णतेचे नियम समजून घेऊनच करावा. दोन ग्रुपमध्ये प्रत्येकी तीन पेपर असतात. प्रत्येक पेपरमध्ये किमान ४० टक्के आणि ग्रुपच्या एकूण गुणांत ५० टक्के लागतात. दोन्ही ग्रुप एकत्र दिल्यास, प्रत्येक पेपरमध्ये किमान ४० गुण असतील तर ६०० पैकी ३०० गुणांवर दोन्ही ग्रुप सुटू शकतात, म्हणजे एका ग्रुपमधील जादा गुण दुसऱ्याला सावरून घेतात. हा मोठा आधार आहे, पण सहाही विषयांच्या किमान दोन उजळण्या होण्याइतका वेळ हाताशी असेल तरच. नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्याने एकच ग्रुप निवडला तर मला ते अधिक शहाणपणाचे वाटते.

ग्रुप राहिला, तरी त्यातील एखाद्या पेपरमध्ये ६० किंवा अधिक गुण मिळाले असल्यास त्या पेपरला पुढील तीन परीक्षांसाठी सूट मिळते. म्हणून प्रत्येक ग्रुपमधला एक हातखंडा विषय साठच्या पुढे नेण्याइतका पक्का करावा. मात्र त्यासाठी दुसरा विषय चाळिसाच्या खाली जाऊ देऊ नये.

पेपरमधील ३० टक्के गुण बहुपर्यायी प्रश्नांना असतात आणि इंटरमिजिएटला चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, त्यामुळे त्यातला एकही प्रश्न कोरा सोडू नये. उरलेल्या ७० टक्क्यांसाठी तीन तासांचे घड्याळ लावून संपूर्ण पेपर लिहिण्याला पर्याय नाही. कर आणि कायदा या विषयांत मात्र आधी आपल्या परीक्षेला कोणत्या सुधारणा लागू आहेत ते संस्थेच्या रिव्हिजन टेस्ट पेपरमध्ये (परीक्षेआधी निघणाऱ्या सराव-पुस्तिकेत) पाहावे आणि मगच जुने प्रश्न सोडवायला घ्यावेत.