झिरो-टर्न घेताना आधी मागच्या चाकांपाशी वाका

कोल्हापूरच्या भोवती लग्नाचे लॉन्स, फार्महाऊस आणि मोठ्या आवाराच्या शाळा वाढल्या, तशी कापायची हिरवळही वाढली. पावसाळ्यात हरळी अशी फोफावते की हातानं ढकलायच्या मशीननं दोन एकरांचं एक टोक कापून होईपर्यंत दुसरं टोक पुन्हा घोट्याला लागलेलं असतं. मग मालक बसून चालवायच्या झिरो-टर्न मोवरची चौकशी करतो. विचार चुकीचा नाही. ४२ इंची डेकची (डेक म्हणजे पात्यांचा, गवत कापणारा भाग) गाडी ताशी ८ किलोमीटरनं चालली, तर हिशेबानं तासाला ८४ गुंठे होतात. वळणं आणि एकमेकांवर येणारे पट्टे वजा केले तरी साठेक गुंठे कुठे जात नाहीत.

चौकशीत त्याला इंजिनचे एचपी, डेकची रुंदी आणि किंमत सांगितली जाते. पण गाडी दहा वर्षं चालणार की तिसऱ्या पावसाळ्यानंतर शेडमध्ये पडून राहणार, हे ठरतं मागच्या दोन चाकांना जोडलेल्या दोन डब्यांवर. त्यांना हायड्रोस्टॅटिक ट्रान्सअ‍ॅक्सल म्हणतात. इंजिन बिघडलं तर ते खोलणारे मिस्त्री कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत. हे डबे मात्र काही गाड्यांत दुरुस्त करण्याजोगे असतात आणि काहींत नसतात. गाडी घेण्याआधी हा फरक समजून घ्यायलाच हवा.

झिरो-टर्नला स्टीअरिंग बहुधा नसतंच, दोन लिव्हर असतात. डावा लिव्हर डाव्या चाकाचा, उजवा उजव्याचा. पुढची छोटी चाकं नुसती मोकळी फिरतात. एक लिव्हर पुढे आणि दुसरा मागे केला की गाडी जागच्या जागी गर्रकन वळते. पोकलेन दोन पट्टे उलटसुलट फिरवून वळतं, तसंच हे. दोन्ही चाकांचा वेग आणि दिशा वेगवेगळी ठेवता यावी म्हणून प्रत्येक चाकाला स्वतःचा पंप आणि स्वतःची मोटर असते, आणि ही मोटर विजेवर नाही, तेलाच्या दाबावर फिरते.

इंजिन पट्ट्यानं पंपाचा शाफ्ट सतत एकाच दिशेनं फिरवतं. शाफ्टवर एक गोल ब्लॉक असतो आणि त्याच्या भोकांमध्ये बोटाएवढे पिस्टन. पिस्टनची टोकं एका चकतीला टेकलेली असतात, तिला स्वॉशप्लेट म्हणतात. चकती सरळ उभी असेल तर ब्लॉक फिरतो, पण पिस्टन आतबाहेर होत नाहीत. तेल ढकललं जात नाही आणि चाक थांबून राहतं. लिव्हर पुढे केला की चकती थोडी कलते आणि प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक पिस्टन आत जाऊन बाहेर येतो. जितका कल जास्त, तितकं तेल जास्त आणि तितका वेग जास्त. चकती उलट बाजूला कलवली की तेलाचा प्रवाह उलटतो आणि चाक मागे फिरतं. क्लच नाही, गिअर बदलणं नाही. हार्वे विल्यम्स आणि रेनॉल्ड जॅनी या अमेरिकी अभियंत्यांनी २०व्या शतकाच्या सुरुवातीला अशी यंत्रणा युद्धनौकांवरच्या तोफा हलवण्यासाठी वापरात आणली. आज आपल्या जिल्ह्यातल्या फडात ऊसतोडणीचं हार्वेस्टर पुढेमागे होतं तेही याच तत्त्वावर.

आता बिघाडाकडे येऊ. ब्लॉक फिरताना त्याचा सपाट तळ दुसऱ्या एका सपाट पृष्ठभागावर, व्हॉल्व्ह प्लेटवर, घासत असतो. दोन्हींच्या मध्ये फक्त तेलाचा पापुद्रा असतो. ही फट काही मायक्रॉनची, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. दाबाखालचं थोडं तेल या फटीतून नेहमीच निसटतं. किती निसटतं याचा नियम मात्र कठोर आहे: गळती फटीच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट होते, आणि तिप्पट झाली की सत्तावीसपट. तेल पातळ झालं तरी गळती त्याच प्रमाणात वाढते. घट्टपणा निम्मा, तर गळती दुप्पट.

फटीतून निसटलेलं तेल चाक फिरवत नाही. त्याची ऊर्जा उष्णता होऊन तेलातच उरते. तेल तापतं, तापून पातळ होतं, पातळ झालं की अजून निसटतं. म्हणून झिजलेली झिरो-टर्न सकाळी थंड असताना नव्यासारखी पळते आणि अर्ध्या-पाऊण तासानं चढावर दम टाकते. अनेक जण इंजिनला दोष देतात आणि कार्बोरेटर साफ करून घेतात. इंजिनचा आवाज खणखणीत असूनही गाडी ओढत नसेल, तर रोग तेलात आहे. एकाच बाजूचा डबा झिजला असेल, तर दोन्ही लिव्हर सारखे धरूनही गाडी त्या बाजूला वळते.

झीज सुरू होते ती कचऱ्यानं आणि उष्णतेनं. नव्या यंत्रातून पहिल्या काही तासांत धातूचे बारीक कण सुटतात. ते गाळून काढायला फिल्टर नसेल, तर तेच कण त्या सपाट पृष्ठभागांवर ओरखडे काढत फिरत राहतात. बाहेरून डब्याला थंड ठेवतो तो प्लास्टिकचा छोटा पंखा आणि डब्यावरच्या धातूच्या उभ्या पट्ट्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओलं गवत त्यांच्यात चिकटतं, वाळतं आणि गोधडीसारखं बसतं. दर आठवड्याला ते ब्रशनं काढायला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं महागड्या तेलापेक्षा जास्त कामाची आहेत. पंख्याची पाती तुटली असतील तर गाडी चालवूच नका.

म्हणूनच घेताना वाकून पाहायचं. हायड्रो-गिअर या अमेरिकी कंपनीचे ट्रान्सअ‍ॅक्सल अनेक ब्रँडच्या गाड्यांत असतात. तिच्या घरगुती वापराच्या ईझेडटी प्रकारात बाहेरून बदलायचा फिल्टर नाही, तेल नेहमी बदलायचं ही कल्पनाच नाही. झेडटी-२८०० पासून वरच्या मॉडेलांना फिल्टर आहे. तेल २०डब्ल्यू-५० ग्रेडचं. पहिला बदल ७५ ते १०० तासांच्या आसपास आणि पुढे साधारण दर ४०० तासांनी. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघावा. लॉन ट्रॅक्टरमध्ये दिसणाऱ्या टफ टॉर्कच्या के-४६ ला तर ड्रेन प्लगही नाही. तेल काढायचं तर अख्खा डबा उतरवून पालथा करावा लागतो. बंद डबे वाईट बनवलेले असतात असं नाही. सपाट जागेवर, आठवड्यातून एखादा तास चालवणाऱ्याला ते पुरतात. पण लग्नसराईत रोज गवत कापणाऱ्या लॉन्सवाल्यानं ते घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवसभराच्या व्यावसायिक कामाला तर पंप वेगळा आणि चाकाची मोटर वेगळी असलेली गाडी सर्वांत बरी. एक भाग गेला तर तेवढाच बदलतो.

इथे कोल्हापूरकराच्या हाती एक बळ आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या कारखान्यांत मायक्रॉनमध्ये बोलणारे कारागीर आहेत. हलके ओरखडे असलेली व्हॉल्व्ह प्लेट लॅपिंग करून, म्हणजे बारीक घासून, पुन्हा सपाट करता येते, मात्र वरचा कठीण थर शिल्लक असेल तोवरच. बेअरिंग आणि ऑइल सील बऱ्याचदा प्रमाणित मापांची असतात. वरचा नंबर वाचून ती बाजारात मिळू शकतात. ब्लॉक आणि पिस्टन मात्र मूळ कंपनीचेच लागतात. काही स्वस्त रचनांत वेगळी व्हॉल्व्ह प्लेटच नसते, ब्लॉक थेट आतल्या कास्टिंगवर घासतो. मग ते संपूर्ण कास्टिंगच बदलावं लागतं. त्यामुळे विक्रेत्याकडे ट्रान्सअ‍ॅक्सलचा मॉडेल नंबर आणि सुट्या भागांचा नकाशा मागा. सील किट, फिल्टर, व्हॉल्व्ह प्लेट आणि ब्लॉक किट यांना वेगवेगळे पार्ट नंबर आहेत का, हे बघा. सगळ्यांच्या जागी ‘पूर्ण असेंब्ली’ एवढीच एक ओळ असेल, तर आपला कितीही हुशार मिस्त्री तिथे हतबल आहे.

पन्हाळ्याच्या उतारावर जागा असलेल्यांनी दुरुस्तीचा विचार करण्याआधी जिवाचा करावा. झिरो-टर्नला वळवणं आणि थांबवणं दोन्ही मागच्याच चाकांवर असतं. ती ओल्या गवतावर घसरली की हातात काहीच उरत नाही. बहुतेक कंपन्या १५ अंशांपलीकडे चालवू नका म्हणतात, काही तर १० अंशांवरच थांबवतात.

जुनी गाडी बघायला जाणार असाल, तर इंजिन थंड असतानाची फेरी मोजू नका. अर्धा तास गवत कापू द्या, मग चढ असेल तिथे न्या. तेल काळं किंवा दुधाळ दिसलं, तर काळ्याचा अर्थ ते जळलंय आणि दुधाळचा अर्थ त्यात पाणी शिरलंय. गाडी बंद असताना ढकलायची तर बायपास लिव्हर (तेलाला पंप टाळून मोकळी वाट देणारा) उघडून ढकला. आणि तेल बदलल्यावर मागची चाकं पक्क्या स्टँडवर उचला, इंजिन चालू करून, बायपास उघडा ठेवून दोन्ही लिव्हर सावकाश पुढेमागे करा, मग बायपास बंद करून तेच पुन्हा करा. आत अडकलेली हवा अशीच निघते. ती राहिली तर पंप कुरकुरतो आणि गाडी झटके देते. त्यानंतर तेलाची पातळी पुन्हा पाहून कमी असेल तेवढं भरा.