जनरेटिव्ह मॉडेल आणि परक्या डेटाची ओळख

लेबले न देता, फक्त नेहमीच्या नमुन्यांवर शिकवलेल्या डीप जनरेटिव्ह मॉडेलकडून (शिकलेल्या नमुन्यांसारखे नवे नमुने घडवू शकणाऱ्या न्यूरल नेटवर्ककडून) 'हा नमुना आपल्यातला नाही' हे ओळखून घेण्याची पद्धत. मॉडेल प्रत्येक नमुन्याला संभाव्यता घनता देते, म्हणजे तो नमुना कितपत अपेक्षित आहे याचा आकडा. ती ठरलेल्या उंबरठ्याखाली गेली, की नमुना परका मानायचा. न्यूरल नेटवर्कसाठी हा विचार क्रिस्टोफर बिशप यांनी १९९४ मध्ये मांडला. तो सरळ वाटतो. चित्रांवर मात्र फसतो.

ग्लोसारख्या फ्लो मॉडेलमध्ये (जे चित्राला उलटवता येणाऱ्या पायऱ्यांनी साध्या वितरणात बदलते) किंवा पिक्सेलसीएनएनमध्ये (जे आधीच्या पिक्सेलांवरून पुढचा पिक्सेल ओळखते) घनता थेट काढता येते. व्हीएईमध्ये (जे चित्र थोड्या आकड्यांत दाबून पुन्हा उभारते) तिची खालची मर्यादाच हाती लागते. पिक्सेलच्या किमती ० ते २५५ असे पूर्णांक असतात. फ्लो मॉडेलला त्या देताना प्रत्येकीत ० ते १ मधला यादृच्छिक अंश मिसळतात. न मिसळल्यास मॉडेल पूर्णांकांवरच घनतेचे सुळके उभे करते आणि आकडे निरर्थक ठरतात. उंबरठा वेगळ्या राखून ठेवलेल्या चित्रांवरून काढावा. शिकवणीतल्या चित्रांना घनता थोडी जास्तच मिळते, त्यामुळे त्यांवरून काढलेला उंबरठा घरच्याच नव्या चित्रांना बाहेर काढतो.

खरी अडचण २०१८ मध्ये एरिक नालिस्निक आणि सहकाऱ्यांनी दाखवली. सिफार-१० या छोट्या रंगीत चित्रांच्या संचातली विमाने, बेडूक, ट्रक यांवर शिकवलेल्या ग्लोला एसव्हीएचएन संचातले घरांवरचे क्रमांक दाखवले. मॉडेलच्या अंदाजाने चित्र नोंदवायला सिफारच्या चाचणी चित्रांना दर मितीमागे, म्हणजे चित्रातल्या प्रत्येक आकड्यामागे, सुमारे ३.४६ बिट लागले, क्रमांकांना २.३९. कमी बिट म्हणजे जास्त घनता. म्हणजे परकी चित्रेच मॉडेलला जास्त 'घरची' वाटली. ३२×३२ पिक्सेलांच्या रंगीत चित्रात दर पिक्सेलला तीन रंग धरून ३०७२ मिती असतात, त्यामुळे हा फरक चित्रामागे तीन हजारांहून अधिक बिटांचा होतो. उलट दिशेने, एसव्हीएचएनवर शिकवून सिफार दाखवल्यास, असा घोटाळा होत नाही.

कारण असे, की मॉडेलची बरीचशी शक्ती शेजारच्या पिक्सेलांचे नाते शिकण्यात खर्च होते. गुळगुळीत, एकसुरी चित्राचा पुढचा पिक्सेल सहज ओळखता येतो. ते चित्र कशाचे आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. दुसरे कारण भूमितीचे. ३०७२ मितींच्या प्रमाण गाउसीय (घंटेच्या आकाराच्या) वितरणात सर्वाधिक घनता केंद्रबिंदूशी असते, पण नमुने जवळजवळ सगळे केंद्रापासून ५५ च्या आसपास अंतरावर पडतात. म्हणून घनता अवाजवी जास्त असणे हीसुद्धा परकेपणाची खूण आहे. उंबरठा दोन्ही बाजूंनी लावण्याचा उपाय यातूनच आला. पण दोन्ही संचांची घनता सारखीच पडली, तर तोही हतबल.

सर्वांत स्वस्त उपाय २०१९ चा: चित्र पीएनजीसारख्या पद्धतीने आकुंचित करायचे आणि मॉडेलला लागलेल्या बिटांतून आकुंचित फाइलचे बिट वजा करायचे. साध्या चित्राला मिळालेली फुकटची सूट त्यात वळती होते. उरलेला आकडा मोठा, तर नमुना परका. त्याच वर्षी आलेल्या गुणोत्तर पद्धतीत दुसरे मॉडेल मुद्दाम बिघडवलेल्या नमुन्यांवर शिकवतात, जेणेकरून ते पार्श्वभूमीच तेवढी शिकेल, आणि दोन्ही घनतांचे गुणोत्तर घेतात. जिवाणूंच्या जनुकक्रमांतही ही पद्धत वापरली गेली. तिथे पार्श्वभूमीची जागा डीएनएमधल्या जी आणि सी या घटकांचे प्रमाण घेते. नमुने किती बिघडवायचे हे मात्र प्रयोगानेच ठरवावे लागते, आणि त्यासाठी थोडा परका डेटा आधीच हाताशी धरला, तर 'अपरिचित' हा शब्द तितकासा खरा राहत नाही.