थेम्सला हवेने थोपवलं तेव्हा

लंडनमध्ये थेम्सकाठच्या ग्रिनिचला आलेले बहुतेक पर्यटक ‘कटी सार्क’ हे जुनं जहाज बघतात, टेकडीवर शून्य रेखांशाच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून फोटो काढतात आणि परततात. जहाजाशेजारी लाल विटांची गोल, बुटकी इमारत आहे, डोक्यावर काचेचा घुमट. तिच्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. मी तिथे शिरलो. लिफ्ट होती, पण पायऱ्या मोजायची माझी खोड जुनी. शंभर भरल्या.

खाली पांढऱ्या चकचकीत फरशांची गोल नळी: थेम्सखालून पलीकडच्या काठाला जाणारा पादचारी बोगदा. लांबी सुमारे ३७० मीटर, भरतीच्या पाण्यापासून खोली साधारण १५ मीटर. माणसं बिनदिक्कत चालत असतात, पोरं हाका मारून प्रतिध्वनी ऐकतात. गुळगुळीत फरशी आवाज शोषून घेत नाही, त्यामुळे पलीकडच्या टोकाचं बोलणंही अंगावर येतं.

हा बोगदा ४ ऑगस्ट १९०२ रोजी खुला झाला, आणि तो पर्यटकांसाठी नव्हताच. दक्षिण काठावर राहणाऱ्या मजुरांना रोज पलीकडच्या ‘आयल ऑफ डॉग्ज’च्या गोदीत जावं लागे. होडीला पैसे पडत आणि धुक्यात तिचा भरवसा नसे. गरिबीतून वर आलेले कामगार नेते विल क्रुक्स यांनी बोगद्यासाठी पाठपुरावा केला, आराखडा अलेक्झांडर बिनी यांचा.

पण नदीखाली खणताना नदी आत का आली नाही? त्याच थेम्सखाली मार्क ब्रुनेल यांनी १८२५ मध्ये जगातला पहिला असा बोगदा खणायला घेतला, तेव्हा ती आली होती. पुन:पुन्हा. १८२८च्या जानेवारीत सहा मजूर बुडाले. तो बोगदा पुरा व्हायला १८४३ उजाडलं.

बिनींच्या माणसांकडे दाबाखालची हवा होती. पाण्यात दर १० मीटर खोलीला एक वातावरण, म्हणजे आपल्याभोवतीच्या नेहमीच्या हवेच्या दाबाइतका, दाब वाढतो. म्हणजे १५ मीटरवर, नेहमीच्या हवेपेक्षा दीड वातावरण जास्त. बोगद्याचं तोंड बंद करून आत तेवढ्याच दाबाची हवा भरली, की पाणी मातीतून आत झिरपायचं थांबतं. पुढे पोलादी ढाल जॅकने रेटायची, तिच्या आडोशाला खणायचं आणि मागे बिडाची कडी बोल्टने जोडत जायची. आत-बाहेर जायला दोन दारांची हवाबंद कोठडी.

वाचायला सोपं वाटतं. खरी मेख अशी, की हवेचा दाब बोगद्यात वरखाली सगळीकडे सारखाच, पाण्याचा मात्र खोलीप्रमाणे वाढत जाणारा. तीन-चार मीटर उंचीच्या खोदकामात तळाचा दाब माथ्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश वातावरणाने जास्त असतो. तळाला जुळेल एवढी हवा भरली, तर ती माथ्यावरच्या वाळूतून वर निसटते, वाट रुंदावते आणि त्याच वाटेने नदी आत कोसळू शकते. हवा कमी ठेवली, तर पायाशी चिखल येतो. त्यात भरती-ओहोटीने पाण्याची पातळी रोज दोनदा काही मीटर वरखाली. चुलीवरचं दूध बघावं तसं हवेवर लक्ष ठेवावं लागे.

मजुरांच्या अंगालाही त्याची किंमत मोजावी लागे. दाबाखाली नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळतो. माणूस घाईने बाहेर आला, तर सोड्याची बाटली उघडावी तसे अंगात बुडबुडे धरतात आणि सांधे असह्य ठणकतात. टप्प्याटप्प्याने दाब उतरवण्याची शास्त्रशुद्ध कोष्टकं जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये छापली. हा बोगदा तोवर सहा वर्षं वापरात होता.

आज मुंबईत मेट्रो-३ मिठी नदीखालून जाते. आता बोगदे खणणाऱ्या बहुतेक यंत्रांमध्ये पाण्याला तोंड द्यायला खणून निघालेली माती किंवा चिखलाचं पातळ मिश्रणच दाबून धरतात. माणसाला त्या दाबात एरवी शिरावं लागत नाही, दुरुस्तीपुरतं कधी शिरावं लागतं.

उत्तर टोकाजवळ ग्रिनिचची नळी एकाएकी अरुंद होते. फरशा संपतात आणि काळपट पोलाद सुरू होतं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने इथलं बीड तडकलं, तेव्हा आतून पोलादाचं जाड अस्तर चढवलं, आणि ते तसंच राहिलं. समोरून कुणी सायकल हातात धरून आला, तर इथे अंग चोरावं लागतं. मी हात लावून पाहिला. पोलाद गार होतं, पण कोरडं.