जिव्हा कलम की पाचर कलम? सफरचंदाच्या खुंटाची जाडी बघून ठरवा

सफरचंदाच्या बीपासून आलेलं झाड मूळ झाडासारखी फळं देत नाही. हवी ती जात हवी असेल, तर तिची काडी दुसऱ्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या खोडावर, बांधावीच लागते. घरच्या घरी हे करताना जिव्हा कलम आणि पाचर कलम या दोन पद्धतींत हमखास गल्लत होते. दोन्हींचा हंगाम एकच, काडीही तीच. फरक आहे तो खुंटाच्या जाडीत. खुंट काडीइतकाच, म्हणजे पेन्सिलीएवढा असेल तर जिव्हा कलम. खुंट किंवा फांदी अडीच ते पाच सेंटिमीटर जाड असेल तर पाचर कलम.

काडी झाड सुप्तावस्थेत असतानाच कापावी, आणि ती गेल्या वर्षीच्या वाढीचीच हवी. ओलसर कागदात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली की दोन-तीन महिने टिकते. त्याच फ्रिजमध्ये पिकलेली फळं मात्र ठेवू नका, त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने काडीवरचे डोळे मरतात. बांधायची वेळ म्हणजे खुंटाचे डोळे फुगू लागले, की लगेच. तेव्हा काडी अजून झोपेतच हवी.

जिव्हा कलमात खुंट आणि काडी दोघांनाही साधारण चार सेंटिमीटर लांबीचा तिरका काप द्यायचा, एकाच ओढीत. दोन वेळा सुरी फिरवली की पृष्ठभाग लाटेसारखा होतो. मनगट घट्ट धरून खांद्यापासून हात ओढला, तरच काप सपाट येतो. दोन्ही काप एकमेकांवर टेकवून उजेडाकडे धरा. मधून फट दिसली तर पुन्हा कापा, कारण पट्टी कितीही आवळली तरी ती फट भरत नाही. मग प्रत्येक कापावर टोकापासून एक तृतीयांश अंतरावर सेंटिमीटरभर खोल चीर पाडून जीभ काढायची आणि दोन्ही जिभा एकमेकींत अडकवायच्या. हात सोडला तरी काडी जागची हलत नाही, हीच या पद्धतीची खरी ताकद. चीर पाडताना सुरी घसरते ती बहुतेक वेळा अंगठ्यावरच, म्हणून अंगठ्याला जाड पट्टी गुंडाळा. छाटणीच्या वीस-पंचवीस फांद्यांवर आधी हात बसवा.

पाचर कलमात खुंट आडवा कापून मधोमध पाच सेंटिमीटर खोल चिरायचा. काडीच्या खालच्या टोकाला तीन-चार सेंटिमीटरची पाचर करायची, बाहेरची बाजू आतल्यापेक्षा किंचित जाड ठेवून. चिरेच्या दोन्ही कडांना एकेक काडी बसवायची. पुढे त्यांतली जोमदार तेवढी वाढू द्यायची. हे काम सोपं दिसतं, आणि इथेच नवखे फसतात. जाड खुंटाची साल काडीच्या सालीपेक्षा जाड असते. बाहेरून दोन्ही साली एका पातळीत आणल्या, तर सालीखालचे हिरवट थर एकमेकांना भेटतच नाहीत. म्हणून काडी किंचित आत सरकवा आणि अगदी जराशी तिरकी ठेवा, म्हणजे थर कुठेतरी एकमेकांना छेदतीलच. सांधा जुळतो तो या पातळ थरातूनच, लाकडातून नाही. जिव्हा कलमात काडी बारीक निघाली तरी हाच नियम: मधोमध न ठेवता एका बाजूला थराला थर लावा.

सांधा ताणपट्टीने (ताणली जाणारी पट्टी) घट्ट गुंडाळा आणि काडीच्या टोकाला मेण लावा. काडीवर दोन-तीन डोळे पुरेत. पाचर कलमात वरचा उघडा काप आणि चिरेचं तोंडही मेणाने पूर्ण बंद करावं लागतं, नाहीतर सांधा वाळतो.

एमएम १०६ किंवा एम ९ सारखा, झाड बुटकं ठेवणारा खुंट वापरत असाल, तर सांधा जमिनीपासून किमान पाच-दहा सेंटिमीटर वर राहिला पाहिजे. तो मातीत गेला तर काडीलाच मुळं फुटतात आणि झाड बुटकं राहण्याचा गुण जातो.

काडीला पानं फुटली म्हणून कलम लागलं असं समजू नका. साठवलेल्या अन्नावरही ती फुटते आणि मग अचानक सुकते. वाढ टिकून कोंब लांबू लागला, तरच सांधा जुळला. सांध्याखालून फुटणारे कोंब खुडत राहा, आणि न ताणणारी पट्टी वापरली असेल तर सहा-आठ आठवड्यांत ती उभी चिरून सोडवा. तशीच ठेवली तर ती जाड होणाऱ्या खोडात रुतते.