महासत्तांची स्पर्धा आणि महायुद्ध (१८७१–१९१४)

एखाद्या बलाढ्य राष्ट्राने स्वतःच्या सुरक्षिततेसाठी उचललेले पाऊल शेजाऱ्याला धोक्याचे वाटते, शेजारी तोडीस तोड उत्तर देतो आणि मग पहिल्याला आपली भीती खरीच होती असे वाटू लागते. या चढाओढीला महासत्तांची स्पर्धा म्हणतात. स्पर्धेतून युद्ध होतेच असे नाही. १८९८ मध्ये नाईलकाठच्या फाशोदा येथे ब्रिटिश आणि फ्रेंच तुकड्या समोरासमोर उभ्या ठाकल्या होत्या. पण फ्रान्सने माघार घेतली आणि १९०४ मध्ये हेच दोन देश मैत्रीकरार करून मोकळे झाले. स्पर्धेचे महायुद्धात रूपांतर कसे होते, याचे सर्वांत बारकाईने तपासले गेलेले उदाहरण म्हणजे १९१४ चा युरोप.

१८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात, म्हणजे हरलेल्या फ्रान्सच्याच भूमीवर, जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. अल्सेस-लॉरेनचा मुलूख आणि पाच अब्ज फ्रँकची खंडणी फ्रान्सने गमावली. फ्रान्स हे विसरणार नाही हे ओळखून जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्कने त्याला एकटे पाडले : १८७९ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीशी, १८८२ मध्ये इटलीशी आणि १८८७ मध्ये गुपचूप रशियाशी करार केले. दुसरा विल्यम कैसर (जर्मन सम्राट) झाल्यावर १८९० मध्ये बिस्मार्कला जावे लागले आणि रशियाबरोबरच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. चारच वर्षांत रशिया आणि फ्रान्स एकत्र आले. आता जर्मनीच्या दोन्ही अंगांना शत्रू होता.

लोकांच्या नजरेत भरली ती मात्र आरमारी चढाओढ. आरमारमंत्री टिर्पिट्झच्या आग्रहावरून जर्मनीने १८९८ आणि १९०० मध्ये आरमारविषयक कायदे केले. ब्रिटनला हरवता आले नाही तरी लढणे त्याला परवडू नये एवढा ताफा उभारायचा, असा त्यामागचा हिशेब होता. ब्रिटन अन्नधान्यासाठी समुद्रावर अवलंबून होता. आपल्यानंतरच्या दोन आरमारांच्या बेरजेइतके आपले आरमार असावे, हे त्याचे १८८९ पासूनचे धोरण. १९०६ मध्ये पोर्ट्समथला ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका पाण्यात उतरली. इतर नौकांवर बारा इंची तोफा साधारण चार असत, हिच्यावर दहा होत्या. वाफेच्या टर्बाइनमुळे वेगही जास्त. या एका जहाजाने जगातील सगळ्या जुन्या युद्धनौका कालबाह्य केल्या, त्यांत खुद्द ब्रिटनच्याही. म्हणजे ज्याच्याकडे मोठी आघाडी होती त्यानेच पाटी कोरी करून दिली. जर्मनीने लगेच तशीच जहाजे बांधायला घेतली आणि ती बाल्टिकमधून उत्तर समुद्रात नेता यावीत म्हणून कील कालवा रुंद करायला सुरुवात केली. १९०९ मध्ये लंडनमध्ये ‘आठ हव्यात, थांबणार नाही’ अशी घोषणा गाजली. सरकारने ड्रेडनॉटसारखी आधी चार जहाजे आणि गरज पडल्यास आणखी चार असे ठरवले होते. शेवटी आठही बांधली गेली.

पण १९१२ पर्यंत ही शर्यत ब्रिटनने जवळजवळ जिंकली होती, आणि जर्मनीचा पैसा पुन्हा भूदलाकडे वळू लागला होता. ज्या भांडणाचा सर्वाधिक गाजावाजा झाला, त्यातून युद्ध पेटले नाही. त्याने एवढेच ठरवले, की पेटल्यावर ब्रिटन कोणत्या बाजूला असेल. १९०७ मध्ये ब्रिटनने इराण, अफगाणिस्तान व तिबेटवरून रशियाशी चाललेला जुना वाद मिटवला. १९१२ मध्ये फ्रेंच ताफ्याने भूमध्य समुद्र सांभाळायचा आणि ब्रिटिश ताफ्याने उत्तरेकडे लक्ष द्यायचे, अशी वाटणी झाली.

खरी आग आग्नेय युरोपातल्या बाल्कनमध्ये धुमसत होती. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळंकृत केला, १९१२–१३ च्या युद्धांत सर्बिया जवळजवळ दुप्पट झाला. इकडे फ्रेंच कर्जातून रशियाचे लोहमार्ग वाढत होते, आणि १९१७ च्या सुमारास रशियाशी लढणे अशक्य होईल असे बर्लिनच्या सेनानींना वाटत होते. लढायचेच तर आजच, या हिशेबाइतका घातक हिशेब स्पर्धेत दुसरा नसतो.

२८ जून १९१४ रोजी बोस्नियातल्या सारायेव्होत एकोणीस वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिप या बोस्नियन सर्बाने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. बदललेला मार्ग चालकाला कोणी सांगितला नव्हता. चुकीच्या वळणावर थांबलेली मोटार नेमकी प्रिन्सिपसमोर आली. ५ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा दिला. कटाचा दोष सर्बियावर ठेवून ऑस्ट्रियाने २३ जुलैला पाठवलेल्या निर्वाणीच्या खलित्याला उत्तर देण्यासाठी सर्बियाला ४८ तास मिळाले. त्याने जवळजवळ सगळ्या अटी मान्य करूनही २८ जुलैला ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले.

सर्बियाच्या पाठीशी रशिया होता. पुढचे चार दिवस वेळापत्रकांचे होते. २९ जुलैच्या रात्री रशियाची राजधानी पीटर्सबर्गच्या तार कार्यालयात जनरल दोब्रोरोल्स्की सर्वत्र सैन्य जमवण्याचा हुकूम घेऊन उभा होता. तारा सुटणार एवढ्यात फोन आला : थांबा. कैसरची तार वाचून झारचे, म्हणजे रशियन सम्राटाचे, मन बदलले होते. (हे दोन नातलग एकमेकांना इंग्रजीत, ‘विली’ आणि ‘निकी’ अशा सह्या करून तारा पाठवत होते.) दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री साझोनोव्हने झारला पुन्हा राजी केले. हुकूम मिळताच टेलिफोन फोडून टाकीन, म्हणजे तो कोणाला फिरवता येणार नाही, असे सरसेनाप्रमुख यानुश्केविच आधीच म्हणून बसला होता.

१ ऑगस्टला बर्लिनमध्ये नेमके उलटे घडले. ब्रिटन फ्रान्सला तटस्थ ठेवेल असा (पुढे चुकीचा ठरलेला) निरोप लंडनहून आला, तेव्हा सगळे सैन्य रशियाकडे वळवा, असे कैसर म्हणाला. ते शक्य नाही, असे जर्मन सेनाप्रमुख मॉल्टकेने सांगितले. जर्मनीची योजना एकच होती : बेल्जियममधून घुसून फ्रान्सला सुमारे सहा आठवड्यांत पाडायचे, मग संथ रशियाकडे वळायचे. प्रत्येक रेल्वेगाडीची वेळ त्यासाठी आखलेली होती. त्या रात्री आपल्याला रडू कोसळले, असे मॉल्टकेनेच लिहून ठेवले आहे. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या तहात होती. ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरला.

दोष कोणाचा, हा वाद संपलेला नाही. व्हर्सायच्या तहाने जबाबदारी जर्मनी व त्याच्या मित्रराष्ट्रांवर टाकली; नंतरच्या अभ्यासकांनी ती कधी सर्वांत वाटली, कधी पुन्हा बर्लिनवर आणली. करारांमुळे युद्ध अटळ झाले हे मात्र अर्धसत्य आहे. इटलीही कराराने बांधलेला होता, तरी तो १९१४ मध्ये तटस्थ राहिला आणि १९१५ मध्ये उलट बाजूने लढला.

या स्पर्धेशी काहीही संबंध नसलेली माणसेही तिच्यात ओढली गेली. पूना डिव्हिजन या नावाने ओळखली जाणारी सहावी भारतीय डिव्हिजन मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) पाठवली गेली. मराठा पलटणींसह ती कुत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण गेली.

ज्या जहाजांसाठी एवढा पैसा ओतला गेला, ते ताफे पूर्ण बळानिशी एकदाच भिडले : ३१ मे १९१६ रोजी उत्तर समुद्रात जटलंडजवळ. निकाल लागला नाही. युद्ध संपल्यावर जर्मन ताफा ब्रिटिशांच्या पहाऱ्यात स्कॉटलंडजवळच्या स्कापा फ्लो येथे नांगरून ठेवण्यात आला. २१ जून १९१९ रोजी जर्मन खलाशांनीच तळाच्या झडपा उघडून त्यातली बहुतेक जहाजे बुडवली.